घरातल्या मुंग्या: धोका कितपत, ओळखायच्या कशा आणि घालवायच्या कशा

रात्री पाणी प्यायला उठावं, दिवा लावावा आणि ओट्याच्या कडेने थेट छतापर्यंत गेलेली मुंग्यांची रांग दिसावी, हा अनुभव नसलेलं घर विरळाच. अशा वेळी बहुतेकांचा हात आधी स्प्रेच्या डब्याकडे जातो. माझाही जायचा. न्हाणीघराबाहेरच्या स्विचबोर्डातून एकदा पिवळसर, अगदी बारीक मुंग्या निघायला लागल्या. मी सढळ हाताने फवारा मारला. दोन दिवस शांतता होती. आठवड्याभरात मात्र एका रांगेच्या तीन रांगा झाल्या: एक स्वयंपाकघरात, एक खिडकीच्या चौकटीतून, एक कपाटामागून. माझ्या फवाऱ्याने मुंग्या पांगल्या तेवढ्या होत्या. असं का झालं, ते पुढे येईलच.

आधी मूळ प्रश्न: या मुंग्यांपासून माणसाला धोका असतो का? जगात मुंग्यांच्या १४ हजारांहून अधिक प्रजातींची शास्त्रीय नोंद आहे. त्यांतल्या मोजक्याच घरात शिरतात आणि त्यांतल्याही बहुतेकींना माणसाला धड चावताही येत नाही. त्या रक्त पीत नाहीत आणि डासांसारखा हिवताप किंवा डेंग्यू पसरवत नाहीत. तरीही तीन गोष्टींकडे लक्ष द्यावं लागतं. काही जातींचा डंख, आणि क्वचित त्यातून येणारी जीवघेणी ॲलर्जी. मोरीतून आणि कचऱ्यातून थेट अन्नावर येणारे त्यांचे पाय. आणि त्यांना मारण्यासाठी आपण घरभर टाकलेली औषधं. माझ्या मते सर्वसाधारण घरात यातली तिसरी गोष्ट सर्वांत जास्त काळजीची आहे.

पहिली पायरी: पंधरा मिनिटं नुसतं बघा

रांग पुसून टाकण्याआधी ती कुठून कुठे जाते ते बघा. रांगेचं एक टोक अन्नाकडे असतं आणि दुसरं वारुळाकडे, आणि आपल्याला दुसरं हवं असतं. तोंडात कण घेऊन किंवा पोट फुगवून परतणाऱ्या मुंग्यांच्या मागे टॉर्च घेऊन जा. ओट्याच्या मागची फट, खिडकीच्या चौकटीचा कोपरा, पाण्याचा पाइप भिंतीत शिरतो ती जागा, स्विचबोर्ड, कुंडीचा तळ, यांपैकी कुठेतरी माग संपतो. तिथे पेन्सिलीने खूण करून ठेवा. दिवसा सापडलं नाही तर रात्री दहानंतर बघा, बऱ्याच जाती तेव्हा जास्त हिंडतात.

मग चिकटपट्टीवर दोन-तीन मुंग्या उचला, पांढऱ्या कागदावर चिकटवा आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यातून मोठ्या करून बघा.

दुसरी पायरी: रंगावर जाऊ नका, कंबर बघा

‘काळी मुंगी गरीब, लाल मुंगी चावरी’ हा आपला लहानपणापासूनचा हिशेब. तो निम्मा खरा आहे, म्हणूनच फसवतो. लालसर असून काहीच न करणाऱ्या मुंग्या आहेत, आणि काळ्या असून जबर डंख मारणाऱ्याही आहेत. त्यापेक्षा कंबर बघा. मुंगीच्या छातीच्या आणि पोटाच्या मधल्या बारीक देठावर एक किंवा दोन गाठी असतात. घरात सापडणाऱ्या एका गाठीच्या बहुतेक मुंग्यांना डंख मारता येत नाही. त्यांचा भर जबड्यावर, वासावर किंवा आम्लाच्या फवाऱ्यावर असतो. दोन गाठी दिसल्या तर तिला नांगी असण्याची शक्यता मोठी. हा नियमही पक्का नाही: एका गाठीच्या काही रानमुंग्या जोरदार डंखतात, आणि दोन गाठींच्या कित्येक घरमुंग्यांची नांगी आपल्या कातडीत शिरतच नाही. पण सुरुवात करायला तो रंगापेक्षा खूपच बरा.

आता नेहमी भेटणाऱ्या मंडळींची ओळख.

दीड मिलिमीटरची, डोकं गडद आणि पोट इतकं फिकट की पांढऱ्या टाइलवर नुसतं डोकंच चालल्यासारखं दिसतं, ती घोस्ट अँट. बोटाने चिरडली की खवट खोबऱ्यासारखा वास येतो. तिच्यापासून त्रास फक्त अन्नात शिरण्याचा.

लांब पायांची, लांब मिशांची, काळसर आणि रांग न धरता सैरावैरा पळणारी, ती क्रेझी अँट. ही डंख मारत नाही.

मोठे काळे मुंगळे किंवा डोंगळे जबड्याने चांगलाच चिमटा काढतात, क्वचित रक्तही काढतात. त्यांना नांगी नसते, पण चाव्यावर आम्ल सोडता येतं, म्हणून चुरचुरतं. यांच्यातले काही लाकडात घर करतात. ते लाकूड खात नाहीत, पोखरून भुसा बाहेर टाकतात, आणि बहुधा आधीच ओलं, कुजलेलं लाकूड निवडतात. चौकटीखाली भुशाची बारीक ढिगळी दिसली तर मुंगळ्यांआधी पाण्याची गळती शोधा.

दीड ते दोन मिलिमीटरची, पिवळट-तपकिरी, दोन गाठींची ती फॅरो मुंगी. माझ्या स्विचबोर्डातली हीच. तिला ऊब आणि ओल आवडते. एका वसाहतीत एकच राणी असेल असं नाही, शेकडोही असू शकतात. डंख माणसाला जाणवतही नाही, पण रुग्णालयांत हिचं नाव वाईट आहे. १९७२ साली ब्रिटनमधल्या रुग्णालयांतल्या फॅरो मुंग्यांवर रोगजंतू सापडल्याचं ‘द लॅन्सेट’मध्ये छापून आलं. जखमेच्या पट्टीखाली आणि सलाइनच्या नळ्यांत त्या शिरल्याच्याही नोंदी आहेत. घरात कोणाची शस्त्रक्रिया झाली असेल, जखम उघडी असेल किंवा नळीवाटे अन्न चालू असेल, तर या बारीक मुंग्यांना हलक्यात घेऊ नका.

आणि शेवटी आगमुंगी, म्हणजे फायर अँट. तांबूस-तपकिरी, दोन गाठींची. एकाच वारुळात दोन मिलिमीटरच्या चिमुकल्यांपासून पाच-सहा मिलिमीटरपर्यंतच्या मुंग्या एकत्र दिसणं ही तिची मोठी खूण. वारूळ सहसा बाहेर मातीत असतं: भुसभुशीत ढिगारा, काडीने जरा डिवचला तरी काही सेकंदांत उसळून येणारा. पूर आला की या मुंग्या एकमेकींना धरून तराफ्यासारख्या तरंगतात, त्यामुळे पुराच्या पाण्यात हात-पाय घालताना तरंगत्या तांबड्या पुंजक्यापासून लांब राहा.

चावणं आणि डंखणं

बोलताना आपण सरसकट ‘मुंगी चावली’ म्हणतो, पण आगमुंगी दोन्ही कामं करते. आधी जबड्याने कातडी घट्ट पकडते आणि मग त्या पकडीभोवती फिरत एकामागून एक डंख मारते. म्हणून पुरळ गोलाकार उठलेलं दिसतं. मिनिटभर आग, मग गांधी, आणि साधारण दिवसाभराने पांढरट द्रव भरलेला छोटा फोड. तो पुवासारखा दिसला तरी त्यात जंतू नसतात, आणि न फोडता ठेवला तर आठवडा-दहा दिवसांत जातो.

मुंगीच्या चाव्यात फॉर्मिक आम्ल असतं, म्हणून खाण्याचा सोडा लावावा, हे बहुतेकांच्या तोंडी असतं. फॉर्मिक आम्ल मुंग्यांवरूनच ओळखीचं झालं हे खरं: जॉन रे या निसर्गअभ्यासकाने १६७१ मध्ये मुंग्यांचं ऊर्ध्वपातन करून ते वेगळं केलं, आणि लॅटिनमध्ये मुंगीला ‘फॉर्मिका’ म्हणतात. पण आगमुंगीचं विष बहुतांश अल्कलॉइड नावाच्या, आम्ल नसलेल्या द्रव्यांचं असतं, शिवाय ते कातडीच्या आत सोडलेलं असतं. वर चोळलेला सोडा तिथवर पोचत नाही.

तिसरी पायरी: डंख झाल्यावर काय करायचं

जागेवरून आधी हला. वारुळावर उभं राहून मुंग्या झटकण्यात अर्थ नसतो. मग हाताने किंवा फडक्याने जोरात झटका. नुसती पाण्याची धार मारून आगमुंग्या निघत नाहीत, त्यांनी जबड्याने धरलेलं असतं. पायावर झालं असेल तर मोजे-बूट काढा, हातावर झालं असेल तर सूज चढण्याआधी अंगठी आणि बांगड्या काढा. जागा साबण-पाण्याने धुवा, कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं धरा. खाज फार असेल तर सेट्रिझिनसारखी ॲलर्जीची गोळी किंवा एक टक्का हायड्रोकॉर्टिझोनचं मलम चालतं. लहान मुलाला किंवा गरोदर बाईला द्यायचं असेल तर डॉक्टरांना विचारून. मधमाशीसारखा काटा आत राहत नाही, त्यामुळे सुईने टोकरत बसू नका.

पुढच्या दोन-तीन दिवसांत लाली पसरत गेली, जागा गरम आणि ठणकणारी झाली, ताप आला, तर खाजवून जंतुसंसर्ग झालेला असतो. तेव्हा डॉक्टरांकडे जायचं.

आता नीट लक्षात ठेवायची गोष्ट. डंखापासून लांबच्या अंगावर गांधी उठणं, ओठ-जीभ-घसा सुजणं, आवाज बसणं, श्वासाला घरघर, चक्कर, वारंवार उलटी, यांपैकी काही दिसलं तर ती ॲनाफिलॅक्सिस म्हणजे संपूर्ण शरीराची तीव्र ॲलर्जी असू शकते. ती बहुधा काही मिनिटांत सुरू होते. अशा माणसाला ॲड्रेनालिनचं इंजेक्शन लागतं, ॲलर्जीच्या गोळीवर भागत नाही. ताबडतोब आपत्कालीन सेवेला फोन करा. डॉक्टरांनी आधी दिलेलं ॲड्रेनालिनचं पेन जवळ असेल तर मांडीच्या बाहेरच्या बाजूला द्या. आडवं झोपवून पाय उंच ठेवा, श्वास लागत असेल तर बसवा, पण उठून चालायला लावू नका. बरं वाटलं तरी दवाखान्यात जायचंच, कारण काही तासांनी लक्षणं पुन्हा उलटू शकतात. एकदा असं झालेल्याने नंतर ॲलर्जीतज्ज्ञाला दाखवावं. आगमुंगीखेरीज इतर काही मुंग्यांनीही हे होतं: टास्मानियात जॅक जंपर आणि आखाती देशांत सॅमसम मुंगी याबाबत कुप्रसिद्ध आहेत.

कानात मुंगी गेली तर बोट किंवा काडी घालू नका. कानाचा पडदा शाबूत असल्याची खात्री असेल तर डोकं कलतं करून कोमट तेलाचे दोन-तीन थेंब सोडा, मुंगी मरते आणि बहुधा वाहत बाहेर येते. नाही आली तर काढण्याचं काम डॉक्टरांचं.

चौथी पायरी: घरात कोण आहे?

धडधाकट माणूस एक-दोन डंख होताच उठून बाजूला होतो. ज्याला उठता येत नाही, सांगता येत नाही किंवा जाणवत नाही, त्याचा प्रश्न वेगळा: पाळण्यातलं बाळ, अंथरुणाला खिळलेले आजी-आजोबा, मधुमेहामुळे तळपाय बधिर झालेला माणूस. अमेरिकेत वृद्धाश्रमांतल्या खाटेवरच्या रुग्णांवर आगमुंग्यांनी हल्ले केल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. अशा घरात पलंग किंवा पाळणा भिंतीपासून वीतभर दूर ठेवा, चादर-मच्छरदाणी जमिनीला टेकू देऊ नका, दूध-गोळ्या-औषधं सांडली की लगेच पुसा. पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायची जुनी युक्ती चालते, पण पाण्यावर धूळ-केस साचले की मुंग्या त्यावरून सरळ चालत पलीकडे जातात. पाण्यात भांडी घासायच्या द्रवसाबणाचा थेंब टाका, म्हणजे पाण्याचा ताण मोडतो आणि मुंगी बुडते. ते पाणी दोन दिवसांआड बदला, नाहीतर मुंग्या टाळायच्या नादात डास पाळाल.

थोडं विषयांतर: शौचालयात लघवीच्या थेंबांना मुंग्या लागल्या म्हणजे मधुमेह, असं ऐकून लोक घाबरतात. लघवीतल्या क्षारांनी आणि युरियानेही मुंग्या येतात, तेव्हा तो पुरावा नाही. मधुमेहावरची काही औषधं मुद्दाम लघवीवाटे साखर बाहेर टाकतात, तेव्हाही येतात. पण आधी तपासणीच झाली नसेल तर रक्तातली साखर एकदा बघून घ्यायला हरकत काय!

अन्नात मुंगी सापडली तर

साखरेच्या डब्यात दोन मुंग्या निघाल्या म्हणून डबा ओतून देऊ नका. गिळलेल्या मुंगीने निरोगी माणसाला सहसा काही होत नाही. मुंगीच्या डंखाची ॲलर्जी असलेल्याने मात्र टाळावं. शिजवलेलं, ओलसर अन्न, कापलेली फळं, बाळाचं दूध यांवर मुंग्यांची गर्दी झाली असेल तर ते टाकून द्या, कारण त्या शेवटच्या कुठून चालत आल्या हे आपल्याला माहीत नसतं.

पाचवी पायरी: घालवायच्या कशा

आपल्याला दिसणाऱ्या मुंग्या म्हणजे वसाहतीतला लहानसा भाग, बाहेर अन्न शोधायला पाठवलेला. शंभर मारल्या तरी आतल्या राणीला काही कळत नाही. फॅरो मुंगीचं तर उलटंच होतं. धोका जाणवला की काही कामकरी मुंग्या अंडी, अळ्या आणि एखादी राणी घेऊन वेगळा संसार थाटतात. माझ्या एका रांगेच्या तीन झाल्या त्या अशा. म्हणून पिवळट बारीक मुंग्यांवर फवारा कधीही नको.

त्याऐवजी आमिष ठेवायचं. पूर्ण वाढ झालेल्या मुंग्यांना घट्ट घास गिळता येत नाही, त्या द्रव पितात आणि वारुळात जाऊन तोंडातोंडी एकमेकींना पाजतात. याच वाटेने विष राणीपर्यंत पोचतं, फक्त ते संथ हवं. जहाल विषाने मुंगी वाटेतच मरते आणि निरोप पोचत नाही.

आधी त्यांना काय हवंय ते विचारा: पुठ्ठ्याच्या तुकड्यावर एका बाजूला साखरपाण्याचा थेंब आणि दुसऱ्या बाजूला शेंगदाण्याच्या लोण्याचा ठिपका. तासाभराने बघा. वसाहतीत अळ्या वाढत असतील तर प्रथिनांची मागणी जास्त असते, एरवी बहुधा गोडाची. साखरपाण्याभोवती मुंग्या पाकळ्यांसारख्या गोल बसतात आणि घोस्ट अँटचं फिकट पोट बघता बघता काचेच्या मण्यासारखं टम्म होतं. तेलकट पसंती असेल तर बाजारातलं तयार जेल किंवा दाणेदार आमिष घ्या. गोड पसंतीला हे मिश्रण:

कोमट पाणी अर्धा लिटर, साखर ५० ग्रॅम, बोरिक पावडर ५ ग्रॅम. पुरतं विरघळेपर्यंत ढवळा.

पावडर वजन करूनच घ्या. म्हणजे बोरिक साधारण एक टक्का होतं, आणि तेवढंच हवं. ‘जरा कडक करू’ म्हणून दुप्पट टाकाल तर आमिष फसतं. झाकणाला बारीक भोकं पाडलेल्या छोट्या डबीत कापसाचा बोळा भिजवून ठेवा आणि डबी रांगेच्या शेजारी ठेवा, अन्नाजवळ नको. पहिल्या दिवशी मुंग्या वाढतात. घाबरून पुसू नका, शेजारी फवाराही मारू नका, त्यांना पिऊ द्या. बोळा दोन-तीन दिवसांनी बदला. साध्या वसाहती साधारण दोन आठवड्यांत ओसरतात, फॅरोला कित्येक आठवडे लागतात.

बोरिक पावडर ‘घरगुती’ वाटते म्हणून निरुपद्रवी नसते. बाळांना तिची विषबाधा झालेली आहे. उरलेल्या बाटलीवर ठळक ‘विष’ लिहा, पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीच ठेवू नका, चमचा स्वयंपाकात परत वापरू नका. कोरडी पावडर कोपऱ्याकोपऱ्यात भुरभुरणं तर रांगत्या मुलाच्या आणि मांजराच्या पंजाखाली विष पसरणंच. मुंग्यांच्या खडूचं तसंच. तो लिहायच्या खडूसारखा दिसतो, पण त्यात कीटकनाशक असतं, आणि मुलं तो हातात घेतात, तोंडात घालतात. मी तो घरात ठेवत नाही.

रांगेची वाट पुसायची ती आमिषाचं काम झाल्यावर. साबण-पाणी किंवा पाण्यात निम्मं व्हिनेगर घेऊन नीट घासलं की मुंग्यांनी सोडलेली गंधरेषा जाते. दालचिनी, लवंग, लिंबाचं साल यांनी त्या काही काळ वाट बदलतात, इतकंच. मग खुणा केलेल्या फटी सिलिकोन किंवा पांढऱ्या सिमेंटने बुजवा. स्विचबोर्डात मुंग्या असतील तर आत पाणी, साबण, फवारा काहीही घालू नका. शॉक बसण्याची आणि आग लागण्याची भीती असते. मेन स्विच बंद करून इलेक्ट्रिशियनकडून बोर्ड साफ करून घ्या.

कुंड्या विसरू नका. पानांखाली मावा किंवा पिठ्या ढेकूण असतील तर त्यांचा गोड चिकटा चाटायला मुंग्या येतातच, आणि वर त्या किडीची राखणही करतात. पानं साबणाच्या पातळ पाण्याने धुतली की खिडकीतली रांग कित्येकदा आपोआप थांबते. अंगणातली, कोणाला न चावणारी वारुळं मात्र असू द्या. त्या मुंग्या वाळवी आणि माशांची अंडी-अळ्या खातात. आगमुंगीच्या वारुळावर उकळतं पाणी ओतणं मला पटत नाही: राणी खोल असते आणि भाजतो आपलाच पाय.

पंख फुटलेल्या मुंग्या

पावसानंतर दिव्याभोवती पंखवाले किडे आले तर ते मुंग्या की वाळवी हे पाहा. मुंगीची कंबर बारीक, मिशा कोपरासारख्या वाकलेल्या आणि पुढचे पंख मागच्यांपेक्षा लांब. वाळवीची कंबर जाड, मिशा सरळ आणि चारही पंख सारखे. वाळवी असेल तर घराच्या लाकडाची तपासणी करून घ्या. पंखवाल्या मुंग्या माणसाला त्रास देत नाहीत. मुंगीला पंख फुटले की तिचं मरण जवळ आलं म्हणतात, ते नरांच्या बाबतीत तंतोतंत खरं आहे: मीलनानंतर ते लवकरच मरतात. राण्या पंख गाळून नवं बीळ शोधतात. दिवा मालवा, खिडकी लावा, पडलेल्या झाडून काढा.

कीडनियंत्रणवाल्यांना कधी बोलवायचं

घराच्या आत आगमुंग्या, अनेक खोल्यांत फॅरो मुंग्या, लाकडातून सतत पडणारा भुसा, किंवा घरात डंखाची तीव्र ॲलर्जी असलेलं कोणी असेल तर. आल्या आल्या विचारा: मुंगी कोणती आहे? आमिष ठेवणार की फवारणार? औषधाचं नाव काय, मुलांनी आणि जनावरांनी खोलीत परत कधी यायचं? मुंगी न बघताच जो पंप काढतो, त्याला परत पाठवा.

माझ्या स्विचबोर्डाखाली बोळ्याची डबी सहा आठवडे होती. पाचव्या आठवड्यात दिवसाला दोन-चार मुंग्या दिसत, मग त्याही थांबल्या. नंतर आणखी पंधरा दिवस मी डबी तिथेच राहू दिली आणि मगच भिंतीतली फट बुजवली.